नास्तिकांची मतपेढी नको, मागण्या हव्यात

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

देव न मानणाऱ्यांनी राजकीयदृष्ट्या एकत्र यावे काय, आणि यायचे झाल्यास धर्मनिरपेक्षतेच्या चळवळीभोवती यावे काय, हा प्रश्न आपल्याकडे अधूनमधून डोके वर काढतो. एप्रिल 2022 मध्ये पुण्यात ठरलेला नास्तिक मेळावा नेमका रामनवमीच्या दिवशी आला आणि पोलिसांच्या सूचनेनंतर तो आयोजकांना रद्द करावा लागला, तेव्हा ‘आपली मतपेढी नाही म्हणूनच आपल्यावर ही वेळ येते’ असा सूर अनेक विवेकवादी मित्रांनी लावला होता. त्यांच्या संतापाशी मी सहमत होतो आणि आहे. मात्र त्यातून ते काढत असलेला निष्कर्ष मला पटत नाही, आणि तो का पटत नाही हे सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आधी संख्येचा हिशेब पाहू. 2011 च्या जनगणनेत संपूर्ण देशात स्वतःला नास्तिक म्हणवून नोंद करून घेणारे लोक सुमारे 33 हजार होते आणि त्यांपैकी साडेनऊ हजारांच्या आसपास महाराष्ट्रातले होते. ‘धर्म सांगितला नाही’ या वर्गात आणखी सुमारे 28 लाख 70 हजार लोक होते, पण त्यांतले सगळेच निरीश्वरवादी असतील असे मानण्यास आधार नाही. खरी संख्या याहून कितीतरी मोठी असणार हे उघड आहे, कारण प्रगणक दारात येतो तेव्हा उत्तर बहुधा घरातले वडीलधारे देतात आणि घरातल्या एखाद्याच्या अश्रद्धेची नोंद करण्याची तसदी कोणी घेत नाही. तरीही हा आकडा दहापट, वीसपट धरला तरी, राज्यभर विखुरलेल्या या लोकांच्या बळावर एखादा विधानसभा मतदारसंघही हलणार नाही. त्यामुळे मतपेढीचा मुद्दा इथेच निकालात निघतो.

संख्या पुरेशी असती तरी अडचण संपली नसती. देव नाही या एका विधानातून राजकारणाची कोणतीही दिशा निघत नाही. महाराष्ट्रातील उदाहरणे पाहावीत. आगरकरांनी 1888 मध्ये ‘सुधारक’ सुरू केला तो व्यक्तिस्वातंत्र्याच्या बाजूने. सावरकरांनी पोथीनिष्ठेवर कोरडे ओढले, गाय हा उपयुक्त पशू आहे, देवता नव्हे असे लिहिले आणि आपल्या मृत्यूनंतर धार्मिक विधी करू नयेत असे सांगून ठेवले. पण त्यांचे राजकारण हिंदू राष्ट्राचे होते. गोविंद पानसरे आयुष्यभर कम्युनिस्ट राहिले. डॉ. श्रीराम लागू कोणत्याच पक्षाचे नव्हते आणि परमेश्वराला आता निवृत्त करा असे जाहीरपणे सांगत असत. या चौघांना एका सभागृहात बसवून समान नागरी कायदा, आरक्षण किंवा काश्मीर यांपैकी कोणताही विषय काढला असता तर पहिल्या तासातच सभा मोडली असती. आस्तिकांमध्येही असे मतभेद असतात हे खरे, पण त्यांना बांधून ठेवणारे सण, नाती, मठ, देवस्थाने आणि पंगती असतात. नास्तिकांना बांधून ठेवण्यास एक नकार सोडला तर काही नाही.

बुद्धिवाद्यांचा पक्ष काढण्याचा प्रयोग झालेलाच नाही असेही नाही. मानवेंद्रनाथ रॉय यांनी 1940 मध्ये रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्ष स्थापन केला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, वि. म. तारकुंडे यांच्यासारखी माणसे त्यात होती. एवढी बुद्धिमत्ता एका पक्षात पुन्हा क्वचितच एकवटली असेल. 1946 च्या निवडणुकांत त्याचा धुव्वा उडाला आणि 1948 मध्ये रॉय यांनी स्वतःच तो विसर्जित केला. पक्षाच्या बाहेर, निव्वळ चळवळीच्या पातळीवरही, फाटाफूट आपल्या पाचवीलाच पुजलेली आहे (ही म्हण या मंडळींना लावताना जरा गंमत वाटते). श्याम मानव यांच्या अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीतून बाहेर पडून डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली, आणि दाभोलकरांच्या पश्चात त्या समितीतही पुढे गट पडले. जी माणसे प्रत्येक गोष्ट तपासून घ्या असे जगाला सांगतात, ती एकमेकांचे नेतृत्वही तपासूनच घेणार. त्याबद्दल मी त्यांना फारसा दोष देत नाही.

तमिळनाडूचा दाखला या वादात हटकून दिला जातो, म्हणून तो नीट पाहिला पाहिजे. पेरियार यांनी 1925 मध्ये सुरू केलेली स्वाभिमान चळवळ आणि 1944 मध्ये तिच्यातून उभे राहिलेले द्रविडर कळघम ही भारतातील सर्वांत मोठी उघड निरीश्वरवादी लोकचळवळ होती, आणि पेरियार यांनी स्वतःला व संघटनेला निवडणुकांपासून जाणीवपूर्वक दूर ठेवले. सत्तेच्या वाटेवर निघाले ते 1949 मध्ये वेगळे होऊन द्रमुक हा पक्ष काढणारे अण्णादुराई, आणि निघतानाच त्यांनी निरीश्वरवाद मागे ठेवला. ‘एकच कुळ, एकच देव’ हे घोषवाक्य त्यांनी स्वीकारले. पेरियार यांनी गणपतीच्या मूर्ती फोडण्याचा कार्यक्रम केला होता. आम्ही मूर्तीही फोडणार नाही आणि तिच्यापुढे नारळही फोडणार नाही, असा पवित्रा अण्णादुराईंनी घेतला. 1967 मध्ये ते सत्तेवर आले आणि त्याच वर्षी त्यांच्या सरकारने हिंदू विवाह कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करून पुरोहिताविना लागणाऱ्या स्वाभिमान विवाहांना कायदेशीर मान्यता दिली. म्हणजे पेरियार यांच्या अनुयायांनी भटजीविना लावलेली हजारो लग्ने ज्या कायद्याने वैध ठरली, तो कायदा देवाबाबत सौम्य झालेल्या पक्षाने, देव मानणाऱ्या मतदारांच्या मतांवर केला. मतपेढीवाल्या मित्रांना हा तपशील सहसा सांगायचा नसतो.

आपल्या राज्यात तर याहून ठळक उदाहरण डोळ्यांसमोर आहे आणि नास्तिकांच्या चर्चांत ते जवळजवळ कधीच येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला आपल्या अनुयायांना ज्या 22 प्रतिज्ञा दिल्या, त्यांतली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आहे. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात बौद्धांची संख्या 65 लाखांहून अधिक होती. देवाला जाहीरपणे नाकारण्याची शपथ ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते असा एवढा मोठा समाज देशात अन्यत्र क्वचितच सापडेल. पण तो एकत्र आला तो जातिव्यवस्थेविरुद्ध, स्वतःच्या माणूसपणासाठी. अश्रद्धा हा त्या मोठ्या लढ्याचा एक भाग होता. आणि एवढे सगळे असूनही 1957 मध्ये स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाची पुढे किती शकले झाली हे मी सांगण्याची गरज नाही.

मग धर्मनिरपेक्ष चळवळीत नास्तिकांना स्थानच नाही काय? आहे, आणि मोलाचे आहे. जादूटोणाविरोधी कायद्याचा इतिहास त्या दृष्टीने पुन्हा वाचावा. ‘महाराष्ट्र नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा व जादूटोणा’ अशी सुरुवात असलेल्या लांबलचक नावाचा हा कायदा दीड दशकाहून अधिक काळ मसुदा, समित्या, अधिवेशने आणि मोर्चे यांत अडकून पडला होता. वारकरी संप्रदायातील काही मंडळींचा त्याला कडवा विरोध होता. वारीवर, कीर्तनावर बंदी येईल अशी भीती पद्धतशीरपणे पसरवली गेली होती. दाभोलकर या विरोधाला तुच्छतेने सामोरे गेले नाहीत. समितीची देवाधर्माबाबतची भूमिका तटस्थ आहे, आमचा विरोध देवाच्या नावावर चालणाऱ्या शोषणाला आहे, हे ते प्रत्येक सभेत सांगत राहिले. लागूंसारखा उघड निरीश्वरवादी त्याच व्यासपीठावर शेजारी बसलेला असतानाही ते हेच सांगत. मसुद्यात बदल झाले, कलमे गळाली, प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना कायदा लागू नाही असे स्पष्टपणे लिहिले गेले. कडव्या बुद्धिवाद्यांना ही माघार वाटली. 20 ऑगस्ट 2013 रोजी सकाळी पुण्यातल्या पुलावर दाभोलकरांची हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच सरकारने वटहुकूम काढला आणि डिसेंबरमध्ये दोन्ही सभागृहांनी कायदा संमत केला. कायद्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्यासाठी साखळीने बांधून मारण्यापासून सर्पदंशाच्या रुग्णाला दवाखान्यात जाण्यापासून रोखण्यापर्यंत बारा बाबी आहेत. त्यांतल्या एकीनेही कुणाच्या श्रद्धेला हात लागत नाही, आणि सर्व धर्मांच्या भोंदूंवर त्याखाली गुन्हे दाखल झालेले आहेत.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते ते मी आमच्या तालुक्यात एकदा जवळून पाहिले आहे. पन्नाशीतल्या एका बाईच्या डोक्यात कमरेपर्यंत पोचलेली जट होती. देवीची म्हणून तिला कुणी हात लावला नव्हता. तिच्या ओझ्याने मान एका बाजूला कललेली, रात्री कुशीवर झोपणेही अवघड. चळवळीतली एक कार्यकर्ती ओसरीवर तिच्याशी दोन तास बोलत बसली. केस विंचरले नाहीत, घाम आणि मळ साचला की त्यांचा गुंता कसा घट्ट होत जातो हे तिने सांगितले. देवी आहे की नाही हा विषय तिने काढलाच नाही. शेवटी बाई म्हणाली, “पण कोप झाला तर?” त्यावर कार्यकर्ती म्हणाली, “कोप झाला तर माझ्यावर होईल, कात्री माझ्या हातात आहे.” जट निघाली. बाईने मान दोन्हीकडे वळवून पाहिली, आत जाऊन अंघोळ केली आणि देव्हाऱ्यातल्या टाकाला हळदीकुंकू वाहिले. कार्यकर्ती स्वतः कट्टर निरीश्वरवादी, पण ती त्यावर चकार शब्द बोलली नाही. काही तरुण मित्रांना तो दांभिकपणा वाटेल. मला मात्र धर्मनिरपेक्ष कार्याचा तो उत्तम नमुना वाटतो, कारण बाईचा त्रास संपवणे हे त्या दिवशीचे काम होते आणि ते झाले.

मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाई यांचेही असेच. ते स्वतः श्रद्धावान नव्हते, पण 18 एप्रिल 1966 रोजी तोंडी तलाकविरोधात मुंबईत विधिमंडळावर त्यांच्यासोबत मोर्चाने गेलेल्या सात मुस्लिम महिला धर्म सोडून आलेल्या नव्हत्या. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना प्रवेश मिळावा म्हणून 2000 च्या सुमारास एन. डी. पाटील, लागू आणि दाभोलकर रस्त्यावर उतरले, तेव्हा ‘तुम्हाला शनी मान्य नाही, मग ही उठाठेव कशाला?’ असे त्यांना विचारले गेले. ज्या स्त्रियांना शनी मान्य आहे त्यांचा हक्क नाकारला जातो आहे, हे उत्तर तेव्हा अनेकांच्या गळी उतरले नाही. 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्त्रियांचा मंदिर प्रवेशाचा हक्क मान्य केला आणि त्याच महिन्यात देवस्थानाने चौथरा खुला केला, तेव्हा पुढाकार वेगळ्याच कार्यकर्त्या स्त्रियांकडे होता. जादूटोणाविरोधी कायदा आता गुजरातनेही 2024 मध्ये केला, तिथे सरकार भारतीय जनता पक्षाचे. आणि डाव्यांचा बालेकिल्ला म्हणवणाऱ्या केरळमध्ये 2022 साली एलंतूरला नरबळीचे भीषण प्रकरण उघडकीस येऊनही तत्कालीन डाव्या सरकारने असा कायदा केला नाही. सत्तेवर नास्तिक आहेत की आस्तिक, यावर अशा गोष्टी ठरत नाहीत हे यावरून दिसावे.

एवढे सांगितल्यावर, नास्तिकांनी नास्तिक म्हणून एकत्र येण्यासारखे काही उरते का? उरते, आणि तेच सर्वांत दुर्लक्षित आहे. ते म्हणजे त्यांचे स्वतःचे नागरी हक्क. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2014 मध्ये स्पष्ट निर्वाळा दिला की कोणत्याही नागरिकाला धर्म जाहीर करण्याची सक्ती शासन करू शकत नाही आणि आपला कोणताही धर्म नाही असे सांगण्याचा हक्क राज्यघटनेच्या 25 व्या अनुच्छेदात अंतर्भूत आहे. तरीही शाळाप्रवेशाचा अर्ज भरताना, ऑनलाइन अर्जात तर विशेषच, धर्माचा रकाना मोकळा सोडला की गाडी पुढे सरकत नाही. लिपिक सज्जन असतो, तो म्हणतो, “सर, काहीतरी टाका, नाहीतर सिस्टीम घेत नाही.” आणि मग ते काहीतरी शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मभरासाठी उमटते. तमिळनाडूत 2019 मध्ये एका महिला वकिलाला तहसीलदारांनी ‘जात नाही, धर्म नाही’ असा दाखला दिला, त्यासाठी त्यांना अनेक वर्षे पाठपुरावा करावा लागला होता.

लग्नाचे पाहा. होमहवन करून लग्न लावणाऱ्यांना हिंदू विवाह कायद्याखाली आगाऊ नोटीस द्यावी लागत नाही. ज्यांना कोणताच धर्म मध्ये नको आहे त्यांनी 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली अर्ज केला की त्यांची नावे, वय, व्यवसाय, पत्ते विवाह अधिकाऱ्याच्या फलकावर 30 दिवस लावले जातात आणि कोणीही येऊन हरकत घेऊ शकतो. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये अशी नोटीस प्रसिद्ध करणे जोडप्याच्या इच्छेवर सोडले; कायद्यातले कलम मात्र आहे तसेच आहे. वारसाहक्काची कथाही निराळी नाही. जो मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी किंवा ज्यू नाही त्याला हिंदू वारसा कायदा लागू, मग तो कितीही कडवा निरीश्वरवादी असो. आणि इस्लाम सोडलेल्या व्यक्तीला शरियतऐवजी भारतीय वारसा कायदा लागू व्हावा यासाठी केरळमधील एका महिलेला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. या मागण्यांवर सावरकरांचा अनुयायी आणि पानसरेंचा अनुयायी एकाच निवेदनावर सही करू शकतात, कारण इथे दोघांची अडचण शब्दशः एकच आहे. शिवाय नोटिशीच्या कलमाने सर्वाधिक पोळतात ती आंतरधर्मीय जोडपी, आणि त्यांतली बहुतेक देव मानणारी असतात. म्हणजे सोबतीही आपसूक मिळतात.

इथेही एक अवघड गाठ आहे. धर्माच्या रकान्यात ‘नाही’ लिहिणे सवर्ण नास्तिकाला फुकट पडते. अनुसूचित जातीतल्या नास्तिकाला ते तसे पडत नाही, कारण 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार आणि त्यातील 1956 व 1990 च्या दुरुस्त्यांनुसार हिंदू, शीख किंवा बौद्ध यांहून वेगळा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जात नाही. कोणताच धर्म न मानणे म्हणजे वेगळा धर्म मानणे नव्हे, असा युक्तिवाद करता येईल आणि मला तो बिनतोड वाटतो. पण आपल्या मुलाचा जातपडताळणीचा अर्ज पणाला लावून तो युक्तिवाद करून पाहा, असे मी कोणाही पालकाला सांगू शकत नाही. नास्तिकांच्या व्यासपीठावर हा प्रश्न क्वचितच ऐकू येतो. व्यासपीठावर कोण बसलेले असते ते पाहिले की त्याचे कारण कळते. या मुद्द्यावर सरकारकडून लेखी खुलासा मिळवल्याशिवाय ‘धर्म नाही असे लिहा’ ही मोहीम काढली, तर ती अर्ध्या लोकांना दाराबाहेर ठेवूनच सुरू होईल. 1 मार्च 2027 हा संदर्भ दिनांक धरून होणाऱ्या जनगणनेत जातीचीही नोंद व्हायची असल्याने हा खुलासा आता अधिकच निकडीचा झाला आहे.

तेव्हा यापुढे जे कोणी नास्तिक मेळावा भरवतील त्यांना माझी विनंती आहे की देव आहे की नाही यावरील परिसंवाद एखादे वर्ष बाजूला ठेवून विषयपत्रिकेवर शाळेच्या अर्जातील रकाना, विवाहाची नोटीस आणि अनुसूचित जातींच्या आदेशाबाबतचा खुलासा एवढेच विषय घ्यावेत. विवाह हा विषय समवर्ती सूचीत असल्याने नोटिशीच्या कलमात राज्यापुरती दुरुस्ती आपल्या विधिमंडळालाही राष्ट्रपतींच्या संमतीने करता येते. तमिळनाडूने 1967 मध्ये विवाह कायद्यातच ती करून दाखवली आहे. कायदेतज्ज्ञांकडून तिचा मसुदा करून घेऊन, आंतरधर्मीय विवाह केलेल्या श्रद्धावान जोडप्यांना सोबत घेऊन, तो सर्व पक्षांच्या आमदारांच्या हाती पुढील अधिवेशनाआधी पडेल असे पाहावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
जि. सातारा